अप्रसिद्धांची मृत्युपत्रे

डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने एक प्रस्ताव लोकांपुढे ठेवला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८५८ पासून प्रोबेट झालेली, म्हणजे न्यायालयात सिद्ध झालेली, मूळ मृत्युपत्रे सरकारच्या ताब्यात आहेत. कागद सुमारे ११ कोटी, आणि ते सांभाळण्याचा खर्च वर्षाला ४५ लाख पौंड. मंत्रालयाचे म्हणणे असे की या कागदांच्या डिजिटल प्रती कराव्यात, २५ वर्षे उलटली की मूळ कागद नष्ट करावा, आणि प्रसिद्ध व्यक्तींची मृत्युपत्रे तेवढी मागे ठेवावीत. चार्ल्स डार्विन, चार्ल्स डिकन्स, राजकन्या डायना अशी नावे उदाहरणादाखल पुढे आली. इतिहासकार, दप्तरखान्यांत आयुष्य घालवलेले लोक आणि आपापल्या घराण्याचा शोध घेणारी साधी माणसे एकदम उठली आणि विरोधाची पत्रे लिहू लागली.

खर्चाचा मुद्दा समजण्यासारखा आहे, त्याकडे शेवटी येऊच. पण काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवताना जी चाळणी लावली, ती मुळातच उलटी धरलेली आहे. डार्विनचे मृत्युपत्र उद्या नाहीसे झाले तर वाईट वाटेल, पण त्याची पत्रे आहेत, वह्या आहेत, चरित्रे आहेत. इतिहासाला डार्विन दुरावणार नाही. यॉर्कशायरमधल्या एखाद्या विणकराचे तसे नाही. चर्चच्या नोंदवहीत त्याच्या नावावर तीनच ओळी असतात: बाप्तिस्मा झाला, लग्न झाले, पुरला. त्याचे स्वतःचे बोलणे कुठे उरले असेलच, तर ते मृत्युपत्रात. माझा माग कोणाला द्यावा, धाकटीचे लग्न होईपर्यंत तिचा सांभाळ कोणी करावा, भावाकडून येणे असलेले पैसे सोडून द्यावेत की नाही, हे त्याने तिथे सांगितलेले असते. आणि प्रसिद्ध कोण, हे तरी कोणी आणि कधी ठरवायचे?

जेन ऑस्टिनचे पाहा. २७ एप्रिल १८१७ रोजी तिने स्वतःच्या हाताने एका कागदावर आपले मृत्युपत्र लिहिले. जवळजवळ सारे काही बहीण कसँड्राला दिले. भाऊ हेन्रीला ५० पौंड, आणि मादाम बिजाँ या हेन्रीच्या घरी राबलेल्या फ्रेंच बाईला ५० पौंड. आदल्याच वर्षी हेन्रीची बँक बुडाली होती आणि त्याची झळ त्याच्या घरी राबणाऱ्यांनाही बसली असणार, ही पार्श्वभूमी ठाऊक असली की त्या दुसऱ्या ५० पौंडांचे मोल कळते. कागदावर साक्षीदार नव्हते. त्या वेळच्या कायद्यात जंगम मिळकतीच्या मृत्युपत्राला साक्षीदारांची सक्ती नव्हती; ती १८३७ च्या कायद्याने आली. म्हणून जुलैत ती वारल्यावर, सप्टेंबरमध्ये ओळखीच्या दोघांनी शपथेवर सांगितले की हे अक्षर तिचेच. आता ज्या कारकुनाने हा कागद दाखल करून घेतला, त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. तिच्या हयातीत तिच्या कादंबऱ्यांवर तिचे नाव छापले गेले नव्हते. त्याच्यापुढे होती ती हँपशायरकडची एक अविवाहित बाई, मिळकत बेताची. प्रसिद्धांची यादी त्याच्या हाती दिली असती, तर ती त्या यादीत बसली नसती.

क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांची सेवा करणारी जमैकाची मेरी सीकोल १८८१ मध्ये वारली. हयातीत तिचे नाव गाजले, मग कित्येक दशके कोणाला आठवले नाही, आणि २००४ मध्ये ब्रिटनमधील सर्वश्रेष्ठ कृष्णवर्णीय व्यक्ती म्हणून लोकांनी तिलाच मते दिली. मृत्यूनंतर २५ वर्षांनी, म्हणजे १९०६ मध्ये, कोणी तिचा कागद हाती घेऊन निर्णय केला असता तर?

हे कागद मुळात साठले कसे, ते समजून घ्यायला हवे. १२ जानेवारी १८५८ पूर्वी इंग्लंडमध्ये मृत्युपत्र सिद्ध करण्याचे काम सरकारी न्यायालयाकडे नव्हते, ते चर्चकडे होते. मरताना माणूस आपला आत्मा देवाच्या आणि देह मातीच्या हवाली करी, राहिलेली ऋणे फेडी, गरिबांना दान सांगे. हा धर्माचाच भाग मानला जाई. जमीन १५४० पर्यंत बहुतांशी मृत्युपत्राने देताच येत नसे. ती वडिलोपार्जित रिवाजाने थोरल्याकडे जाई. म्हणून चर्चच्या न्यायालयापुढे येई ते भांडीकुंडी, गुरेढोरे, रोकड आणि उधारी. अशी न्यायालये देशभर दोनशेहून अधिक होती. एखाद्या आर्चडीकनचे, त्यावर बिशपचे, त्यावर यॉर्क आणि कँटरबरी या दोन आर्चबिशपांची सर्वांत वरची. शिवाय काही गावे बिशपच्या हुकमतीबाहेरची, त्यांचे न्यायालय वेगळे. एखाद्याची मिळकत दोन बिशपांच्या हद्दीत विखुरलेली असली की प्रकरण वर जाई. कँटरबरीच्या न्यायालयात नोंदली गेलेली १३८४ पासूनची दहा लाखांहून अधिक मृत्युपत्रे आज लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, यॉर्कची बॉर्थविक संस्थेत, वेल्सची अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. शोध घेणारे बरेच जण इथेच अडखळतात. पणजोबांचे पणजोबा कुठल्या गावचे हे कळते, पण ते गाव कोणाच्या हद्दीत होते हे कळल्याखेरीज कागद सापडत नाही. त्यातून १६५३ ते १६६० या काळात, राजा नसताना, चर्चची न्यायालये बंद होती. त्या वर्षांत देशात कुठेही मेलेल्या माणसाचे मृत्युपत्र लंडनच्या एकाच न्यायालयाच्या नोंदींत शोधावे लागते.

तारखांचाही एक घोळ आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडचे वर्ष २५ मार्चला बदले, जसे आपले चैत्रात बदलते. त्यामुळे १६५० चा फेब्रुवारी त्याच वर्षाच्या डिसेंबरनंतर येतो. हे लक्षात न घेतल्यामुळे बाप मेल्यावर त्याने मृत्युपत्र लिहिल्याचे चमत्कार वंशावळींत घडतात.

पण एकदा कागद हाती आला की काय काय उलगडते! चर्चच्या वहीत मुलीचे लग्न नोंदलेले असते, पण त्या नावाच्या चार मुली त्याच गावात असतात. बापाच्या मृत्युपत्रात जावयाचे नाव येते, नातवंडे येतात, लंडनला शिकाऊ म्हणून धाडलेला मुलगा येतो, समुद्रावर गेलेला आणि 'परत आला तर' अशा अटीवर दहा पौंड ठेवलेला मुलगाही येतो. त्यातही विधवांची मृत्युपत्रे सर्वांत बोलकी. नवरा असेपर्यंत बाईच्या नावावर जंगम मालमत्ता कायद्याने नसेच, नवऱ्याच्या संमतीवाचून तिला मृत्युपत्रही करता येत नसे. हे बदलले १८८२ च्या कायद्याने. म्हणून त्याआधी बायकांचे जे कागद सापडतात ते बहुतेक विधवांचे किंवा लग्न न केलेल्यांचे. पुरुष सरसकट लिहितो, उरलेले सारे बायकोला. बाई एकेक वस्तू नाव घेऊन देते. चांगला झगा थोरलीला, रोजचा शेजारणीला, पितळेचे मोठे भांडे धाकटीला, पिसांची गादी नातीला, चांदीचा एक चमचा जिला मांडीवर घेऊन बाप्तिस्म्याला नेले त्या मुलीला. कोण जवळचे, कोणी शेवटचे दुखणे उशाशी बसून काढले, हे तिच्या वाटपावरून समजते.

मृत्युपत्राबरोबर पुष्कळदा एक यादी जोडलेली असते. १५२९ च्या कायद्याने ती सक्तीची केली आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती सर्रास आढळते. तीनचार शेजारी मृताच्या घरी जमत आणि खोलीखोलीतून हिंडत वस्तूंची किंमत लिहीत. पहिल्या ओळीत बहुधा अंगावरचे कपडे आणि बटव्यातले पैसे. मग बैठकीची खोली, तिथले मेज, बाक, चुलीजवळचे चिमटे. माडीवरचे पलंग, अंथरुणे, चादरींचे जोड. दुधाच्या कोठारात चीज किती, बार्ली किती पोती, अंगणात डुकरे किती, शेतात उभे पीक कशाचे. जमीन नाही, फक्त तिच्यावरचे पीक. शेवटी उधारी, आणि तीही दोन भागांत: वसूल होण्याजोगी आणि बुडालेली. शेजाऱ्यांना एकमेकांचे व्यवहार पुरते ठाऊक असत, म्हणून कोण पैसे परत करील आणि कोण करणार नाही हे ते बिनधास्त लिहून मोकळे होत. अशा याद्यांवरून घराच्या खोल्या किती, चूल किती ठिकाणी, आरसा किंवा घड्याळ गावात पहिल्यांदा कोणाकडे आले, हे इतिहासकारांनी शोधून काढले आहे. राजेरजवाड्यांच्या बखरींतून हे मिळत नाही.

अर्थात या कागदांना विचारावे तेवढेच ते सांगतात, आणि काही बाबतींत मुद्दाम गप्प बसतात. बहुसंख्य लोकांनी मृत्युपत्र केलेच नाही. ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांना गरज नव्हती. थोरल्या मुलाचे नाव कागदात नाही म्हणून बापाशी वैर होते असे धरू नये. त्याला त्याचा वाटा लग्नातच दिलेला असू शकतो किंवा जमीन रिवाजाने आपोआप मिळणार असते. एखाद्याला एकच शिलिंग ठेवलेला दिसला तरी तो नेहमी राग नसतो. आपण या वारसाला विसरलो नाही हे न्यायालयाला दाखवण्याचीही ती रीत होती. उत्तरेत, यॉर्कच्या हद्दीत, १६९२ पर्यंत जंगम मालमत्तेचा एक वाटा बायकोचा आणि एक मुलांचा ठरलेलाच असे, मृत्युपत्राने देता येई तो फक्त उरलेला. तेव्हा तिथल्या कागदात बायकोचा उल्लेख अपुरा वाटला, तर तिच्यावर अन्याय झाला असे लगेच म्हणता येत नाही. सुरुवातीच्या धार्मिक ओळींवरूनही माणूस कॅथलिक होता की प्रॉटेस्टंट हे ठरवण्याचा मोह होतो, पण त्या ओळी मरणाऱ्याच्या नसून अंथरुणाशी बसून लिहिणाऱ्या पाद्र्याच्या किंवा शाळामास्तराच्या असू शकतात.

आता मूळ कागदाबद्दल. डिजिटल प्रत झाली की मूळ कशाला हवे, असे ज्यांना वाटते त्यांनी शेक्सपिअरचे मृत्युपत्र पाहावे. तीन पाने आहेत. पहिल्यावर तारखेत आधी जानेवारी लिहिले होते, ते खोडून मार्च केले आहे: २५ मार्च १६१६. बायकोला दिलेला तो सुप्रसिद्ध 'दुसऱ्या प्रतीचा पलंग' दोन ओळींच्या मध्ये घुसवलेला आहे. नाटक मंडळीतल्या तीन सोबत्यांना अंगठ्या करून घेण्यासाठी ठेवलेले प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्सही तसेच, ओळींच्या मध्ये. म्हणजे मजकूर तयार झाल्यावर त्याला ही माणसे आठवली, किंवा कोणी आठवण करून दिली. प्रोबेट झाले २२ जूनला. न्यायालयाच्या नोंदवहीत नक्कल उतरवून घेताना कारकून खोडलेले सोडून आणि मध्ये घातलेले ओळीत मिसळून सलग लिहीत असत. तिथे हा मागमूस राहत नाही. २०१६ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराने या पानांचा कागद आणि शाई वेगवेगळ्या प्रकाशात तपासली, तेव्हा मधले पान बाकीच्या दोन पानांच्या आधीचे असावे, असे दिसून आले. चारशे वर्षे लोक हा कागद वाचत आले होते आणि तरीही त्यातून नवे काही निघाले, ते कागद उरला म्हणून. साध्या माणसाच्या मृत्युपत्रातही सहीच्या जागी काढलेली फुली, लोहाराने काढलेला नाल, आजारपणात थरथरलेले अक्षर यांतून त्याच्याबद्दल काही कळतेच. उद्या त्या शाईतून आणि तंतूंतून काय वाचता येईल, हे आज कोणाला सांगता येणार आहे?

योगायोग असा की मृत्युपत्रांच्या हेळसांडीविरुद्ध सर्वांत जोराने ओरड केली ती डिकन्सने. तरुणपणी तो लंडनच्या डॉक्टर्स कॉमन्समध्ये, चर्चच्या वकिलांच्या त्या जुन्या वाड्यात, बातमीदार म्हणून बसत असे; डेव्हिड कॉपरफील्डलाही त्याने तिथेच उमेदवारीला बसवले. सप्टेंबर १८५० मध्ये आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकात त्याने एका सहकाऱ्याबरोबर एक लेखच लिहिला. कॅथीड्रलच्या गावांत दप्तरप्रमुख भरघोस फी घेतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांची मृत्युपत्रे ओलीत कुजत पडलेली असतात, असा त्याचा संताप होता. ही कटकट एकट्या डिकन्सची नव्हती. अखेर १८५७ च्या कायद्याने चर्चच्या हातून हे काम काढून घेतले आणि पुढच्या जानेवारीपासून एकच सरकारी न्यायालय आणि त्याची जिल्हा कार्यालये सुरू झाली. दरवर्षी सगळ्या देशाची एक छापील सूची निघू लागली: नाव, पत्ता, मृत्यूची तारीख, मिळकतीची रक्कम, व्यवस्थापक कोण. इंग्लंडमधल्या घराण्याच्या मृत्युपत्रांचा शोध आजही बहुतेक जण या सूचीपासूनच सुरू करतात आणि मग एकेक पिढी मागे जातात.

डिकन्स स्वतः १८७० मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रातले पहिले दान होते एलन टर्नन या नटीला हजार पौंड. तिच्याशी असलेले जे नाते हयातभर झाकले, तेच त्याने मृत्युपत्रात सर्वांत आधी ठेवले. माझे स्मारक करू नका, साधेपणाने पुरा, असेही त्यात आहे. देशाने त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरले. हा कागद नव्या प्रस्तावानुसार नक्की वाचला असता. पण १८५० च्या लेखात तो ज्यांच्यासाठी भांडला, ते कोणी प्रसिद्ध नव्हते.

एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवण्याची किंमत इंग्लंडने आधी मोजलेली आहे. मे १९४२ मध्ये जर्मन विमानांनी एक्झिटर शहर जाळले, त्यात तिथले प्रोबेट कार्यालय गेले. डेव्हनची आणि सॉमरसेटची शतकानुशतकांची मृत्युपत्रे एका रात्रीत राख झाली. डेव्हनमधल्या घराण्यांचे वंशज आजही पर्यायी वाटा शोधत असतात. त्यांतली सर्वांत मोठी वाट अनपेक्षित ठिकाणी निघाली. वारसा करासाठी सरकारी महसूल खात्याने १७९६ पासून नोंदी ठेवल्या होत्या, आणि १८१२ ते १८५७ या वर्षांत मृत्युपत्रांच्या पूर्ण नकलाही मागवल्या होत्या. कर वसूल करायला केलेल्या त्या नकला मूळ कागद जळाल्यावर कामी आल्या. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये स्फोट झाला तेव्हा आयर्लंडच्या मृत्युपत्रांचेही असेच झाले. प्रती जितक्या जास्त आणि जितक्या वेगळ्या ठिकाणी, तितके बरे; डिजिटल प्रतीला कोणाचाच विरोध नाही. विरोध आहे तो दुसरी प्रत झाल्याबरोबर पहिली जाळण्याला. संगणकातल्या फायलीही नष्ट होतात, त्यांचे नमुने कालबाह्य होतात, आणि सर्व्हरवर हल्ला झाला तर मूळ कागदाशिवाय परत फिरायला जागा नसते.

या कागदांच्या वाटेवर मुंबईही आहे. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे मेयर्स कोर्टे आली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांची मृत्युपत्रे तिथे सिद्ध होऊ लागली. त्यांच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहेत. ज्या इंग्रज घराण्याचा पूर्वज इथे येऊन मेला, त्याचा शोध क्यूमध्ये अडला की या दप्तरांत सुटतो. पण या कागदांत इंग्रजांपेक्षा आपल्याला जवळची अशीही माणसे आहेत. 'व्हाइट मुघल्स' लिहिताना विल्यम डॅलरिंपल यांनी बंगालची मृत्युपत्रे तपासली, तेव्हा १७८० ते १७८५ या वर्षांत तीनांतल्या एका मृत्युपत्रात हिंदी बायकोला किंवा सोबतिणीला काही ना काही ठेवलेले आढळले. पुढे हे प्रमाण घटत गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपले. या बायकांचे नाव कधी अर्धेच असते, कधी नुसती 'घर सांभाळणारी' अशी नोंद असते, मुलांना मात्र नावे आणि पैसे दिलेले असतात. इंग्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या कित्येकांना आपली एक आजी हिंदुस्थानातली होती हे अशाच एखाद्या ओळीवरून कळले. तिच्याबद्दल दुसरा कागद बहुधा जगात नसतो. कॅरिबियन बेटांवरच्या मळेवाल्यांच्या मृत्युपत्रांत गुलामांची नावे गुरांसारखी मालमत्ता म्हणून येतात. वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या गुलामांच्या वंशजांना आपल्या पूर्वजाचे नाव लिहिलेले मिळते ते अनेकदा तिथे.

मुंबई शहरातल्या मृत्युपत्रांना पुढे जे प्रोबेट लागू लागले, त्याचे मूळही या व्यवस्थेतच. १८६५ चा वारसा कायदा इंग्लिश कायद्यावर बेतलेला होता आणि १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टने तो शहरातल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांनाही लागू झाला. गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीच्या मालकाचे मृत्युपत्र आणि यॉर्कशायरच्या विणकराचे मृत्युपत्र एकाच मुशीतून निघालेले असतात: व्यवस्थापक नेमायचा, साक्षीदार दोन, मग न्यायालयाचा शिक्का. लंडनमध्ये जो प्रश्न उभा राहिला तो कधी तरी इथल्या दप्तरांपुढेही उभा राहणार.

राहिला खर्चाचा प्रश्न. ४५ लाख पौंड लहान रक्कम नाही, पण कागद ठेवायला महागडी गोदामेच लागतात असे नाही. चेशरमध्ये विन्सफर्ड येथे जमिनीखाली मिठाची खाण आहे. आत हवा कोरडी असते, तापमान वर्षभर सारखे राहते, ओल येत नाही, उंदीर येत नाहीत. राष्ट्रीय अभिलेखागाराने आपला काही संग्रह तिथे ठेवलेलाच आहे. ज्या मृत्युपत्रांना वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही ती अशा ठिकाणी न्यावीत, रोजचे काम डिजिटल प्रतीवर चालवावे, आणि मूळ कागद मागणाऱ्याला तो आठवड्याभरात वर काढून मिळावा. न्याय मंत्रालयाने पैशांचा हिशेब मांडायचा तर आधी या पर्यायाचा मांडावा, आणि तोपर्यंत एकही मृत्युपत्र नष्ट करू नये. कोणाचेच.